भीतीची छोटी कादंबरी वर्गात वाचावी का?



सहावी-सातवीच्या वर्गात भुताखेताचं पुस्तक काढलं की पालकांचा पहिला प्रश्न येतो, "सर, यानं अंधश्रद्धा वाढणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण तो भूत-भानामतीच्या नावानं लोकांना फसवणाऱ्यांसाठी आहे, गोष्टींसाठी नाही.

आणि मुंजा, हडळ, चकवा आपल्या पोरांना पुस्तकाशिवायच माहीत असतात. आजी सांगते ते "आपल्याच विहिरीवरचं, खरं घडलेलं" असतं. ती भीती संपत नाही, कारण विहीर रोज दिसते. कादंबरीतली भीती कुणीतरी रचलेली आहे हे मुलाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. तिला शेवट असतो, पुस्तक मिटताही येतं.

मराठीत भयकथा म्हटलं की नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आठवतात. पण त्यांच्या बहुतेक गूढकथा मोठ्यांसाठी. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चिंची चेटकीण मुलांना घाबरवते आणि हसवतेही, मात्र ते नाटक आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी छोटी भीतीदायक कादंबरी आपल्याकडं कमीच. म्हणून मी नील गेमन यांची 'कोरलाइन' (२००२) ही इंग्रजी कादंबरी घेतली आणि रोज थोडी थोडी मराठीत सांगितली.

कोरलाइनचे आईबाबा सतत कामात. घरातल्या एका बंद दारापलीकडं तिला 'दुसरी आई' भेटते. छान जेवण, खेळणी, हवं तेवढं लक्ष. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत. कायमचं राहायचं तर तुझ्याही डोळ्यांवर बटणं शिवावी लागतील, असं ती सांगते. ना रक्त, ना किंकाळी, तरी वर्ग चिडीचूप! रोजची वस्तू भलत्याच जागी ठेवली की भीती तयार होते, हे भाषेच्या तासाला दाखवण्यासारखं आहे. "घरातली कोणती वस्तू अशी वाटेल?" विचारलं तर मुलांनी जातं, कणगी, बंद टीव्हीचा काळा पडदा असं लिहिलं.

आपल्या बीड जिल्ह्यात मात्र एक जपावं लागतं. दिवाळीच्या आसपास कितीतरी आईबाप ऊसतोडीला जातात. मुलं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. पुढं कोरलाइनचे आईबाबा नाहीसे होतात, ते प्रकरण या मुलांना नुसती गोष्ट वाटत नाही. तिथं तास संपवू नका. ती त्यांना सोडवायला परत निघते तिथपर्यंत त्याच दिवशी जा. शनिवारी तर ते प्रकरण काढूच नका, मध्ये रविवार येतो.

निघताना ती मांजराला बाबांची आठवण सांगते. गांधीलमाश्या अंगावर आल्या तेव्हा लेकीला पळता यावं म्हणून बाबा डंख खात उभे राहिले. पण ते धाडस नव्हे, तेव्हा त्यांना भीती वाटलीच नव्हती. पडलेला चष्मा आणायला ते पुन्हा तिथं गेले, तेव्हा मात्र ते घाबरलेले होते. यावर आमच्या वर्गात अख्खा तास वाद झाला. उसाच्या फडात गेलेली पोरं सगळ्यात जास्त बोलली.