दात साफ केल्याने फटी पडतात काय?

गेल्या वर्षी तुळशीचे लग्न लागले त्याच आठवड्यातील गोष्ट. सायंकाळची ओपीडी संपत आली होती. पंचेचाळिशीच्या एक बाई, आमच्या जुन्याच पेशंट, आत आल्या आणि खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं ऐकून दात साफ करून घेतले आणि पस्तावले. आता हे बघा." त्यांनी खालचा ओठ ओढून दाखविला. पुढच्या चार दातांच्या मधे, अगदी हिरडीलगत, काळ्या त्रिकोणी फटी दिसत होत्या.

"पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न आलंय. जाऊबाई आधीच सांगत होत्या, मशीन लावलं की दात खिळखिळे होतात म्हणून. वरचे दात साफ करायचे राहिलेत, पण आता मी काही परत जायची नाही."

त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होते म्हणून मीच त्यांना दंतवैद्यांकडे पाठविले होते. त्यामुळे उत्तर देणेही मलाच भाग होते. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तेव्हा आज त्याविषयीच लिहितो.

फट कशामुळे पडते?

दोन दात एकमेकांना वरच्या बाजूला टेकलेले असतात. त्या टेकलेल्या जागेखाली त्रिकोणी पोकळी असते आणि हिरडीचे निमुळते टोक ती भरून काढते. हे टोक आतल्या हाडाच्या आधाराने उभे असते. हाड खाली गेले की टोकही खाली जाते आणि पोकळी उघडी पडते. मागे तोंडाचा अंधार असल्याने ती काळी दिसते.

१९९२ साली अमेरिकेत टार्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजमापे घेतली. दात टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर हिरडी ही जागा जवळजवळ नेहमीच भरून काढते. अंतर ६ मिलिमीटर झाले की निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणीच भरते आणि ७ मिलिमीटर झाले की सुमारे चौथ्या हिश्शाच ठिकाणी. म्हणजे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा हा खेळ आहे.

हाड झिजण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हिरड्यांचा जुना आजार, ज्याला आपण पायोरिया म्हणतो. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते लवकर साचते, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे तेथेच जवळ उघडतात. जंतूंच्या थराने हिरडी सुजते हे १९६५ साली हॅराल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमध्ये दाखवून दिले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासणे सुरू करताच पूर्ववत झाल्या. मात्र ही सूज वर्षानुवर्षे राहिली, तर अनेकांच्या बाबतीत ती खाली उतरून हाड खाते. ते हाड सहसा परत येत नाही.

इतरही कारणे आहेत. काहींचे दात जन्मतःच वर रुंद आणि खाली निमुळते असतात. वाकडे दात तारा लावून सरळ केल्यावर कधीकधी अशी फट दिसू लागते. कडक ब्रशने आडवे, जोराने घासणे, मशेरी किंवा राखुंडी रगडणे, काडी, टाचणी वा सेफ्टी पिनने दात कोरणे यांनीही हिरडी मागे सरते. वयाचाही थोडा भाग असतो. तंबाखू व विडी-सिगारेट हाडाची झीज वाढवितात. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे आजार असूनही तो कळत नाही.

मग साफ केल्यावरच का दिसली?

मी बाईंना आपल्या नदीकाठच्या झाडाचे उदाहरण दिले. पुराने मुळांखालची माती वाहून जाते आणि त्या जागी गाळकचरा अडकून बसतो. लांबून झाड भक्कम दिसते. कोणी कचरा काढला की खालची पोकळी उघडी पडते. पोकळी त्याने केलेली नसते. ती आधीच्या पुराची असते.

दातांचेही तसेच आहे. फट कीटणाने बुजलेली होती आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेली होती. कीटण निघाले, आठ-पंधरा दिवसांत सूज उतरली आणि फट दिसू लागली. कीटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून ते काढल्यावर हलणारे दात अधिक हलल्यासारखे वाटतात. हिरडी बरी होऊ लागली की बऱ्याच जणांचे दात पुन्हा काहीसे घट्ट होतात. काही दिवस थंड पाणी झिणझिणते. तेही बहुधा हळूहळू कमी होते.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. दवाखान्यात गर्दी होती. "काही होत नाही, उपचार पूर्ण करा," एवढेच बोलून मी पुढचा पेशंट घेतला. ते परत दंतवैद्यांकडे गेलेच नाहीत. तीन-चार वर्षांनी आले तेव्हा पुढचे तीन दात पडलेले होते. माझी पाच मिनिटे वाचली, पण त्यांचे दात गेले. ही चूक माझी होती.

उपचार

पहिला उपचार म्हणजे आजार थांबविणे. दंतवैद्य दातांवरचे आणि हिरडीखालचे, मुळांवरचे कीटण काढतात. खिसे फार खोल असतील तर लहानशी शस्त्रक्रिया लागते. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवी. नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, गुळण्यांचे औषध किंवा दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने कीटण निघत नाही.

दिसण्याचा प्रश्न त्यानंतरचा. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लावून दाताच्या बाजू थोड्या रुंद करता येतात व फट लहान होते. काही वेळा दातांच्या कडा किंचित घासून तारांनी दात जवळ आणतात. हिरडीचे टोक शस्त्रक्रियेने पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न होतात, पण त्याची खात्री देता येत नाही. बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला बसणाऱ्याकडून सिमेंट भरून घेणे मात्र घातक. त्याखाली अन्न कुजते आणि उरलेले हाडही जाते.

फट लहान असेल आणि हिरडी निरोगी असेल, तर काही न करता ती स्वच्छ ठेवणे पुरेसे आहे. त्यासाठी बारीक इंटरडेंटल ब्रश मिळतो. तो फटीच्या मापाचा घ्यावा, रात्री हलक्या हाताने आतबाहेर करावा, जोराने घुसवू नये. दात मऊ ब्रशने दोन वेळा घासावेत.

साखर तपासा

बाईंना मी आणखी एक प्रश्न विचारला, "रात्री लघवीला उठावं लागतं का?" त्या म्हणाल्या, "दोन-तीनदा तरी." दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासली, ती १८६ निघाली. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात राहणे अवघड जाते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आढळले आहे.

बाई त्या दिवशी गप्प बसून सर्व ऐकून गेल्या. लग्न झाल्यावर वरचे दात साफ करून घेतले. गोळ्या व पथ्य सुरू केले. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा एचबीएवनसी ८.४ वरून ७.३ वर आले होते आणि हिरड्यांतून रक्त येणे थांबले होते. फटी मात्र तशाच होत्या. "लग्नाच्या फोटोत दिसतात थोड्या," त्या म्हणाल्या, "पण दात आहेत जागेवर." मग हळूच विचारले, "जाऊबाईंना पण घेऊन येऊ का? त्यांच्याही हिरडीतून रक्त येतं, पण त्या ऐकत नाहीत."

वाचकांपैकी कोणाच्या ब्रशला आठवडाभर रक्त लागत असेल, तोंडाला दुर्गंधी येत असेल, पुढचे दात विलग होत असतील किंवा हलत असतील, तर दुखण्याची वाट पाहू नये. हा आजार बहुधा दुखतच नाही. चाळिशी उलटलेल्यांनी दंतवैद्यांकडे जाताना सोबत साखरही तपासून घ्यावी.