तंबू, मालमोटार आणि साडेतेरा हजार फूट

पौषात नळदुर्गच्या खंडोबाची जत्रा. चैत्री पौर्णिमेला कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीची. दुसऱ्या दिवशी पालखीबरोबर हजारो माणसं चुन्याच्या रानात खडे वेचायला उतरतात. चैत्रातच तेरला गोरोबाकाकांची. धाराशिव जिल्ह्याच्या या पंचांगातल्या चैत्री जत्रा रब्बीच्या सुगीशी बांधलेल्या आहेत: ज्वारी खळ्यावरून घरी आली की हातात चार पैसे येतात आणि पाय जत्रेकडे वळतात. महाराष्ट्रात याच पंचांगावर एक थेटर जगलं. त्याला ना पत्ता, ना पाया. जत्रा जिथं, तिथं ते उभं राहायचं आणि जत्रा पांगली की दोर सोडून पुढच्या गावाला निघायचं. लोक त्याला टुरिंग टाकीज म्हणत, नाहीतर नुसतं ‘तंबू’.

भारतीय सिनेमाचा बराच इतिहास अशा तंबूंतच घडला आहे. सुरतेचे अब्दुलअल्ली युसूफअल्ली १९०१ पासून ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत तंबू घेऊन फिरले आणि १९०८ नंतर भारतभर. शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद अशा त्यांच्या तंबूत हजारभर माणसं मावत. पुढे मुंबईत स्थिरावून त्यांनी अर्देशीर इराणी यांच्यासोबत चित्रपटगृहांच्या धंद्यात भागीदारी केली. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ ज्या मॅजेस्टिकमध्ये बोलायला लागला, ते थेटर याच जोडीचं. म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाच्या घराचा एक मालक मुळात तंबूवाला होता. व्ही. शांताराम यांनीही पोरवयात हुबळीच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमात पडेल ती कामं केली होती.

तंबूवाल्याची मालमोटार हीच निम्मी टाकी. हौद्यात प्रोजेक्टर पक्का बसवलेला. बाकीच्या जागेत कनात, बांबू, खुंट्या, दोरखंड, पडदा, भोंगे आणि जनरेटर. गावात वीज असो वा नसो, तंबूला तिच्याकडे हात पसरावा लागत नसे. दिवसा जीप नाहीतर रिक्षा भोंगा लावून वाड्यावस्त्यांवर पुकारा करत फिरायची. अंधार पडला की मोटारीच्या मागून झोत निघायचा आणि कापडी पडद्यावर माणसं चालू लागायची.

काही ठिकाणी पडदा मधोमध टांगत आणि दोन्ही बाजूंना माणसं बसत. पूर्वी कापड ओलं करून घ्यायचे, म्हणजे चित्र पलीकडेही उमटायचं. मागच्या बाजूच्या प्रेक्षकांना फक्त नावं उलटी दिसायची. बहुतेक तंबूंत मधून एक दोर ताणलेला असे: एकीकडे गडी, दुसरीकडे बाया आणि पोरं.

त्या दोराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तालुक्याच्या टाकीत रात्रीच्या खेळाला जाणं खेड्यातल्या बाईला फार क्वचित जमायचं. सोबत कोण येणार, परत कसं यायचं आणि लोक काय म्हणतील, सगळीच अडचण. जत्रेला मात्र अख्खं घर निघायचं, बैलगाडीतून आणि पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. नवस फेडून, बांगड्या भरून झाल्यावर रात्री तंबूत बसायला तिला कुणी अडवत नसे. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘जय संतोषी माँ’ (१९७५) आणि ‘माहेरची साडी’ (१९९१) हे तिन्ही चित्रपट खेड्यापाड्यांतल्या याच प्रेक्षकानं डोक्यावर घेतले. ‘जय संतोषी माँ’ला पडद्यासमोर आरत्या ओवाळल्या गेल्या, नाणी वाहिली गेली. ‘माहेरची साडी’ बघून बाया डोळे पुसत बाहेर पडायच्या. मराठी सिनेमाच्या इतिहासात स्टुडिओ आणि नटनट्यांवर पानंच्या पानं आहेत. दोराच्या या बाजूला जमिनीवर बसलेल्या बाईला फार थोड्या ओळी मिळाल्या, ही खंत वाटते.

आणि ते यंत्र! पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. सेकंदाला २४ चौकटींप्रमाणे मिनिटाला ९० फूट फिल्म दिव्यासमोरून सरकते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त फिल्म लागते. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. फिल्म सरकताना दिसते, पण ती खरं तर थांबत थांबत पुढे जाते. चार खाचांचं एक चांदणीसारखं चाक दर वेळी पाव फेरा घेतं, एक चौकट खाली ओढतं आणि थबकतं. त्या थबकण्यातच चित्र पडद्यावर पडतं. आवाजाची पट्टी चित्राच्या वीसेक चौकटी पुढे छापलेली असते. फिल्म अडकवताना तिचा सैल वळसा, म्हणजे लूप, मोठा पडला की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत. कांड्या जळत आखूड होतात, म्हणून ऑपरेटरला त्या सतत जवळ आणाव्या लागतात. जरा डोळा लागला की पडदा पिवळा पडलाच आणि तंबूतून शिट्ट्या सुरू.

चित्रपटाची पेटी कुठून यायची, यालाही मराठवाड्यात वेगळा इतिहास आहे. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानातली निझामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. हिंदी सिनेमाच्या वितरणाच्या नकाशावर मात्र मराठवाडा पुढेही ‘निझाम’ सर्किटमध्येच राहिला. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. व्यापाराच्या वहीतला तो जुना शब्द त्याआधी कितीतरी दशकं तसाच चालत आला होता.

तंबूची पडझड एका दिवसात झाली नाही. आधी व्हिडिओ आला, मग केबल, मग छत्री, मग प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल. तरीही जत्रेतला तंबू टिकून होता, कारण तिथला सिनेमा ही एकट्यानं बघायची गोष्ट नव्हतीच. खरा घाव फिल्मच्या बाजूनं बसला. फुजीनं २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, लॅबा बंद पडत गेल्या आणि नव्या चित्रपटांच्या पेट्या येईनाशा झाल्या. वर्षानुवर्षं तेलपाणी करून जपलेले प्रोजेक्टर भंगाराच्या काट्यावर चढले.

नेमक्या त्याच वळणावर या धंद्याकडे बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. अमित मधेशिया यांनी तंबूतल्या प्रेक्षकांचे चेहरे टिपले. त्या छायाचित्रांना २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ आला, इलैयाराजांच्या संगीतासह. शर्ली अब्राहम आणि मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या तंबूवाल्यांसोबत वर्षानुवर्षं हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. प्रोजेक्टर दुरुस्तीत आयुष्य घालवलेला एक कारागीर त्यात भेटतो. त्यानं स्वतःच्या डोक्यानं तेलात फिरणाऱ्या यंत्रणेचा एक प्रोजेक्टर घडवलेला आहे. तो यंत्राला हात लावतो ते गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

आता काही तंबूवाल्यांच्या मोटारीत डिजिटल प्रोजेक्टर आहे. दुसऱ्या बाजूनं ‘पिक्चरटाइम’सारखी मंडळी हवा भरून फुगवायचं थेटर ट्रकवर घालून देशभर फिरवतात, ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी लेहला, ११,५६२ फूट उंचीवर, खेळ लावला. तंबूवाल्याला तेवढं भांडवल परवडत नाही. नव्या यंत्रानं त्याच्या अडचणीही बदलल्या. पूर्वी तुटलेली फिल्म तो मिनिटभरात जोडायचा. आता चित्रपट उघडायची परवानगी इंटरनेटवरून यावी लागते, आणि जत्रेच्या माळावर रेंज नसली की बाहेर तिकिटं काढलेली माणसं खोळंबतात.

चार किलोमीटरची फिल्म आज हातावर मावणाऱ्या डब्यात आली आहे. कनात मात्र पूर्वीइतकीच जड आहे. ती ताणायला दहा-बारा गडी लागतात, आणि उन्हानं दगड झालेल्या माळात पहारीनं भोक पाडल्याशिवाय खुंटी आत जात नाही.