"मोटर जळाली, ताई!"

आखाजीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. देवपुरातल्या आमच्या घरी दोन्ही नणंदा मुलाबाळांसह माहेरपणाला आलेल्या. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, आणि न्हाणीघरात धुण्याचा हा ढीग! मशीनमध्ये पहिला घाणा टाकला, बटण फिरवलं, तर यंत्र नुसतं "घूंऽऽ" करून गप्प. सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय व्हयनं वं?" काय सांगणार? सगळं धुणं आम्ही तिघींनी हातांनी धुतलं.

सण झाल्यावर एक मेकॅनिक आला. मागचं झाकण न उघडताच त्यानं निकाल दिला, "मोटर जळाली, ताई. नवीनच टाकावी लागेल." आमचे हे पैसे काढायलाही निघाले. पण मला राहवेना. मी बी.ए. इतिहासाची, तरी शाळेत अर्धवेळ शिकवताना विज्ञानाचा तास अधूनमधून माझ्या गळ्यात पडतोच. मी विचारलं, "जळाली, तर मग जळका वास कसा नाही आला?" तो नुसता हसला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि शेतीपंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या एका वयस्कर काकांना बोलावलं. त्यांनी बदलला तो फक्त कपॅसिटर. नव्या मोटरीच्या मानानं अगदी किरकोळ खर्च!

हा कपॅसिटर म्हणजे पंख्याच्या दुकानात ज्याला कंडेन्सर म्हणतात तोच. घरच्या विजेवर चालणाऱ्या अशा मोटरीला सुरू होताना एक रेटा लागतो, तो हा देतो. पंखा नुसता गुणगुणतो आणि काठीनं ढकलला की फिरू लागतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. मशीनचंही तसंच.

मैत्रिणींनो, काकांनी मला मशीनचं ऐकायला शिकवलं. आपल्याकडच्या दोन टपांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुण्याची मोटर वेगळी आणि पिळण्याची वेगळी असते. एक चालते, दुसरी नाही, तर प्लग आणि वीज ठीक आहे असं समजावं. घूं आवाज येऊन थांबलं, तर आधी प्लग काढा, टप रिकामा करा आणि तळाची चकती हातानं फिरवून पाहा. अडकत असेल तर खाली मोजा, नाणं, परकराची नाडी, काहीतरी सापडेलच. (आमच्याकडे एकदा चक्क चमचा निघाला!) चकती मोकळी फिरते आणि तरी यंत्र घूं करतं, तर संशय कपॅसिटरचा. मोटरीचा फिरल्याचा आवाज येतो पण कपडे जागचे हलत नाहीत, तर पट्टा सैल झालाय किंवा तुटलाय. चकती एकाच दिशेनं फिरत असेल, तर बहुधा टायमर बिघडलेला असतो. पिळण्याचा टप हातानंही फिरत नसेल, तर ब्रेकची तार पाहायला सांगा. टप मोकळा आहे पण आवाजच नाही, तर झाकणाखालचा स्विच.

काही वेळ चालून बंद पडतं आणि तासाभरानं आपोआप सुरू होतं, ही तक्रार आपल्याकडे उन्हाळ्यात फार. वीज असायला हवी २३० व्होल्टची. पण घरोघरी कूलर लागले की दिवे मंद होतात. कमी दाबावर मोटर कुंथते, तापते, आणि तिच्या आतली तापरोधक कळ तिला बंद करते. त्यात आपण दोन सोलापुरी चादरी एकदम कोंबलेल्या! अशा दिवसांत मशीन भल्या पहाटे लावावं, निम्म्या कपड्यांनी.

जळका वास आला किंवा बटण लावताच फ्यूज उडाला, तर मात्र पुन्हा लावून बघू नका. तिथं मोटर खरोखरच गेलेली असू शकते, किंवा आत पाणी शिरलेलं असतं, किंवा उंदरानं तारा कुरतडलेल्या असतात. मागचं झाकण आपण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो.

हे सगळं मी नणंदांना सांगत होते, तेव्हा धाकटी सहज म्हणाली, "वहिनी, माझ्या मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात. म्हणून मी रबरी चपला घालूनच धुते." किती दिवस? तर सहा महिने! घरात दोन लहान मुलं, आणि ही चपलांच्या भरवशावर! काका तिथंच होते. त्यांचा चेहराच उतरला. मुंग्या येणं म्हणजे वीज पत्र्यात उतरली आहे आणि तिला जमिनीत जायला अर्थिंगची वाट नाही. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन त्यासाठीच असते. काही जण ती मोडून दोन पिनांच्या बोर्डात प्लग घालतात! अर्थिंगचा खड्डा असला, तरी आपल्या उन्हाळ्यात तिथली माती कोरडी पडते, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावं.

धाकटीला बजावलं, वायरमनला दाखवल्याशिवाय त्या मशीनला हात लावायचा नाही. अमळनेरला पोचल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. बोर्डातल्या त्या तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. घर बांधल्यापासून.