हातचं राखून

फ्रान्सच्या सरकारी तंबाखू कारखान्यांत एक विचित्र प्रकार चालत असे. यंत्रांचे नकाशे आणि दुरुस्तीच्या सूचनांचे कागद कारखान्यातून नाहीसे होत. विकून चार पैसे मिळावेत अशी काही ती चीज नव्हती. समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी या कारखान्यांचा अभ्यास केला आणि १९६३ साली पुस्तकरूपाने तो मांडला, तेव्हा त्यामागचे हात कोणाचे हे उघड झालं. ते खुद्द दुरुस्ती कामगारांचेच होते. यंत्राची नस कागदावर सापडता कामा नये, ती आपल्याच डोक्यात असावी आणि नव्या दुरुस्तीवाल्याला तोंडीच मिळावी, अशी त्यांची रीत होती. मशीन चालवणाऱ्यांना ते काहीही समजावून सांगत नसत. त्यांच्यापैकी कोणी एखादा स्क्रू फिरवला तर ते खपवूनही घेत नसत.

या माणसांना नोकरी जाण्याची भीती नव्हती, हे इथे विसरून चालणार नाही. बढती, बदली, कामाची वाटणी, सगळं ज्येष्ठतेनं आणि नियमानं बांधलेलं होतं. संचालकालाही कुणाला सहज हात लावता येत नसे. नियमात न बसणारी गोष्ट एकच उरली होती: यंत्र बंद पडणं. ते कधी थांबेल आणि थांबलं तर किती वेळ, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिता येत नव्हतं. बाकी सगळं ठरलेलं असताना जे ठरलेलं नाही ते ज्याच्या हाती, त्याच्याकडेच सगळ्यांना जावं लागणार. साहेबालाही. क्रोझिए यांचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं, कारण ‘असुरक्षित माणूस माहिती दडवतो’ हे आपलं सोयीचं उत्तर त्यापुढे अर्धवट ठरतं. त्या कारखान्यांत आपली गरज जाणवून देण्याची दुसरी कुठलीच वाट या कामगारांना उरलेली नव्हती.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर साध्या कामगारापासून चढत वर गेले. कामगार मुद्दाम हात आखडता घेतात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं आणि त्यामागचं कारणही त्यांना ठाऊक होतं. नगावर मजुरी मिळत असे, आणि कामगारानं काम लवकर उरकून दाखवलं की मालक नगाचा दर उतरवत असे. त्यामुळे हे काम खरं किती वेळात होतं, ही माहिती सगळे मिळून दडवत. टेलर यांनी १९११च्या आपल्या पुस्तकात उपाय सांगितला. कामगारांकडे पिढ्यानपिढ्या साचलेलं कसब व्यवस्थापनानं गोळा करावं, घड्याळ लावून मोजावं आणि त्याचे नियम नि सूत्रं बनवावीत. कसब घ्यायचं कामगाराकडून आणि ठेवायचं साहेबाच्या टेबलावर. वेगानं काम करणाऱ्याला जास्त दर देण्याची सोय त्यांनी ठेवली होती हे खरं, पण एकदा दिलेलं कसब परत मिळण्याची सोय कुठेच नव्हती.

कसब दडवण्याची हीच गोष्ट मुंबईनं १९२८ साली आपल्या रस्त्यांवर पाहिली. विणकरानं दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्यानं साच्याच्या दोन बाजू पाहाव्यात, अशी ‘कार्यक्षमता’ काही गिरण्यांनी आणू पाहिली. तीन माग सांभाळणं जमणारे कसबी विणकर होतेही, पण त्यांनी ते करून दाखवलं तर शेजारच्या मागावरचा गाववाला घरी बसणार होता. गिरणगावात नवखा पोरगा बहुधा नात्यातल्या नाहीतर गावच्या माणसाजवळ उभा राहूनच काम शिके. जे आपल्या माणसाला हातचं न राखता दिलं जात होतं, तेच मालकापुढे दाखवायला हात धजत नव्हते. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर राहिले.

मधली काही दशकं भराभर ओलांडून मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला येतो. जनरल मोटर्सनं १९८२ साली तिथला कारखाना बंद केला. गैरहजेरी, भांडणं, तक्रारींचे ढीग, अशी त्याची ख्याती होती. दोन वर्षांनी टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो नुम्मी या नावानं पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच होते आणि युनियनही तीच. स्टॉपवॉचही होतं, पण आता ते कामगारांच्याच हातात होतं. गटातले सोबती एकमेकांचं काम मोजत, सगळ्यात सोपी आणि सुरक्षित पद्धत शोधत, दुसऱ्या पाळीच्या पद्धतीशी ताडून पाहत आणि प्रमाण स्वतःच लिहीत. टेलर यांना जी माहिती हिसकावून घ्यावी लागत होती, ती इथे लोक आपणहून लिहून देऊ लागले. त्यामागे एक लेखी वचन होतं: कामगारकपात करण्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी होतील आणि बाहेर दिलेली कामं आत आणली जातील. १९८८ साली गाड्यांची मागणी घसरली तेव्हा हे वचन कसाला लागलं, आणि व्यवस्थापनानं ते पाळलं. रिकाम्या हातांना प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या कामांत गुंतवलं, घरी धाडलं नाही.

नोकरीच्या हमीनं मात्र सगळं उलगडत नाही, आणि म्हणून झेरॉक्सच्या मेकॅनिकांकडे थांबायलाच हवं. ज्युलियन ऑर हे स्वतः आधी तंत्रज्ञ होते, नंतर मानववंशशास्त्रज्ञ झाले. १९८०च्या दशकात ते या लोकांबरोबर गिऱ्हाइकांकडे हिंडले. कंपनीनं जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या: अमुक सांकेतिक क्रमांक दिसला की तमुक भाग बदला. एका यंत्रावर तो क्रमांकच खोटं बोलत होता. भाग बदलूनही बिघाड जाईना. मेकॅनिकनं बड्या तज्ज्ञाला बोलावलं, त्याचीही मती गुंग झाली. यंत्रच बदलून द्यावं तर गिऱ्हाइकापुढे नाचक्की. मग दोघं त्या उघड्या यंत्रापाशी बसून एकमेकांना जुने किस्से सांगू लागले. तिकडे असं झालं होतं, त्या वेळी अमुक तार निघाली होती. मधूनच एखादी चाचणी, पुन्हा किस्सा. तासन्तास असं चाललं आणि अखेर दोघांच्या अर्ध्यामुर्ध्या आठवणी जुळून खरा दोष सापडला. दुसऱ्या दिवसापासून तो नवा किस्सा जेवणाच्या टेबलावर फिरू लागला. पुस्तिका लिहिणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे १९९०च्या दशकात फ्रान्समधल्या मेकॅनिकांपासून सुरुवात करून या किस्स्यांचा साठा संगणकावर आणला गेला. नाव ठेवलं ‘युरेका’. युक्ती तपासायची ती दुसऱ्या मेकॅनिकांनी, साहेबानं नव्हे. आणि युक्तीखाली ती देणाऱ्याचं नाव असे. मला यातलं मर्म त्या नावात दिसतं. ब्राझीलमधला एक तंत्रज्ञ सुमारे ४०,००० डॉलरचं यंत्र बदलायला निघाला होता. माँट्रियलच्या कुणा सहकाऱ्याची नोंद त्याला सापडली आणि एका डॉलरहूनही स्वस्त भाग बदलून काम भागलं. तंबाखू कारखान्यातल्या दुरुस्तीवाल्याला जो मान यंत्राचा कागद लपवून मिळत होता, तो इथे युक्ती लिहून देऊन मिळत होता.

हे सगळं कंपन्यांना माहीत नाही असं नाही. तरीही २०१४ साली ऑर्लँडोत डिस्नेच्या सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की त्यांची नोकरी संपत आहे. मधल्या तीन महिन्यांत थांबून काम समाधानकारक चालू ठेवलं तर बोनस मिळणार होता, आणि अनेकांसाठी त्या कामात आपल्या जागी आलेल्यांना शिकवणंही आलं. शिकायला बसलेली मंडळी भारतातून व्हिसावर आलेली होती. आपल्या हिंजवडीत याला रोजच्या भाषेत ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. मीटिंग रेकॉर्ड होते, एक्सेलच्या रकान्यांत पायऱ्या भरल्या जातात, कोण शिकला याची खूण केली जाते. महिनाअखेरीला कुठली फाइल अडते आणि तेव्हा कुणाला फोन करायचा, याचा रकाना त्यात सहसा नसतो. सांगणारा ते सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि विचारलं असतं तरी आपलीच जागा घेणाऱ्याला ते का सांगावं, याचं उत्तर त्याला कुणीच दिलेलं नसतं. केटी घेणाऱ्या पोरालाही ते ठाऊक असतं, कारण दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाला केटी देण्याची पाळी त्याच्यावर येणार असते.