मातीनं जोडलेले

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचा प्रश्न असा: सिएटो ही कम्युनिस्टांविरुद्धची लष्करी आघाडी, तिनं १९५९ साली बँकॉकमध्ये काढलेल्या अभियांत्रिकी संस्थेला आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा मॅगसेसे पुरस्कार कसा मिळाला? विनोबा, आरोळे दांपत्य, बाबा आमटे यांच्यामुळे हा पुरस्कार आपल्याला घरचा वाटतो, म्हणून हा प्रश्न जास्तच टोचतो.

सरळ उत्तर छोटं आहे. १९६७ मध्ये संस्था आघाडीपासून वेगळी झाली आणि तिची ‘एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ (एआयटी) झाली. पुरस्कार १९८९चा. आघाडी १९७७ मध्येच मोडली, संस्था टिकली. पण नाव बदललं म्हणून माणसं जवळ येत नाहीत. माझ्या मते त्यांना जवळ आणलं ते बँकॉकच्या मातीनं.

शहर चाओ फ्राया नदीच्या गाळावर वसलं आहे. वरचा कडक थर ओलांडला की खाली दहा-पंधरा मीटर मऊ, पाण्यानं भरलेली चिकणमाती लागते. तिच्यावर वजन टाकलं की ती वर्षानुवर्षं खचत राहते, कारण आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट सापडत नाही. ढाका, कोलकाता, मेकाँगचं खोरं, आपल्या न्हावाशेवाची खाडी, सगळीकडे अशीच मऊ माती. त्यामुळे एआयटीत शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला समोरच्या नमुन्यात आपलंच गाव दिसतं.

ही माती किती खचेल हे काढायची कन्सॉलिडेशनची चाचणी मला फार प्रिय आहे. कड्यात बसवलेली मातीची चकती, तिच्यावर वजन. पहिली रीडिंग सेकंदासेकंदांनी घ्यायची, मग मिनिटांनी, मग तासांनी. एकेक वजन चोवीस तास ठेवायचं, मग दुप्पट करायचं. एका नमुन्याला आठवडा सहज जातो. हे एकट्याचं काम नाही. रोजा सोडायच्या वेळी कोणीतरी खचणं मोजणाऱ्या डायलपाशी उभं राहायला हवं, तेत या नववर्षाच्या सणाला व्हिएतनामी विद्यार्थ्याच्या जागी, सोंगक्रान या नववर्षाच्या सणाला थाई विद्यार्थ्याच्या जागी. कुणाचा सण कधी येतो, हे माहीत नसेल तर वहीत खाडा पडतो. सांस्कृतिक संध्येतली नाचगाणी मलाही आवडतात. पण दुसऱ्याचं पंचांग पाठ होतं ते अशा कामात.

शिकवणारेही असेच ठिकठिकाणचे. मऊ मातीवर आयुष्य घालवलेले ए. एस. बालसुब्रमण्यम श्रीलंकेचे, डेनेस बेर्गादो फिलिपिन्सचे. भूजल उपसल्यानं बँकॉक कसं खचतंय, याचा पाठपुरावा करणारे प्रिन्या नुतलया थाई.

यातल्या पहिल्या दोघांचं काम तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालून गेलं असेल. सुवर्णभूमी विमानतळाची जागा म्हणजे मूळची दलदल. १९९०च्या दशकात एआयटीनं तिथं चाचणीसाठी तीन भराव घातले आणि त्यांखाली निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या रोवल्या: एकीकडे १ मीटर अंतरावर, दुसरीकडे १.२, तिसरीकडे १.५. पट्टी जवळ असली की पाण्याला थोडंच अंतर कापावं लागतं, आणि वर्षानुवर्षांचं खचणं काही महिन्यांत उरकतं. मग वर धावपट्टी घालता येते. २००६ पासून तिथं विमानं उतरत आहेत.