हर्णैचा मासळी लिलाव : भाव ठरतो कसा?

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आपल्या आठवडे बाजारांत सुका बोंबील, जवळा आणि सुकट यांना पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक आहे. शहरात बर्फातली सुरमई आणि बांगडाही मिळतो. किनाऱ्यावर या मालाचा भाव कसा ठरतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असेल तर खरेदीत तो सहसा फसत नाही. त्यासाठी हर्णैच्या बाजाराची माहिती उपयोगी पडेल.

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील छोटे बंदर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, शेजारी पाजपंढरीची कोळी वस्ती आणि उत्तरेला आंजर्ल्याची खाडी. इथला किनाऱ्यावरचा लिलाव कोकणात प्रसिद्ध आहे. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगर टाकतात. मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते. कोळंबी, पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, माकुल असे वेगवेगळे वाटे लागतात आणि बोली सुरू होते.

या धंद्यात मुस्लिम समाजही जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दालदी समाजाचा पिढीजात व्यवसाय मासेमारीच आहे.

कांदा थांबतो, मासळी थांबत नाही

नगरच्या व्यापाऱ्याने नेप्तीचा कांदा लिलाव पाहिलेला असतो. हर्णैची बोलीही वरून तशीच दिसते. फरक एवढाच, की भाव पटला नाही तर शेतकरी कांदा चाळीत ठेवू शकतो. मासळीला चाळ नाही. शून्य अंश तापमानात मासा जितका टिकतो, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा तो दहा अंशांत टिकतो. कोकणच्या उन्हात वाळूवर पडलेल्या मालाचा भाव तासागणिक उतरतो. विकणाऱ्याला घाई असते आणि घेणाऱ्याला ती दिसत असते.

दुसरी गोष्ट उचलीची. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर त्याच्याशी बांधला जातो, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. किनाऱ्यावरही डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी नौकामालक व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतात. अशा वेळी माल त्याच व्यापाऱ्याला द्यावा लागतो. मग बोलीत चार माणसे उभी असली तरी खरी चढाओढ होत नाही. थोडक्यात, ज्याच्या हाती रोकड आणि बर्फ, त्याच्या हाती भाव.

बर्फाचा हिशेब

दापोलीहून पुणे घाट उतार-चढावाचा रस्ता आहे आणि पुण्याहून नगर आणखी सुमारे १२० किलोमीटर. म्हणून नगरपर्यंत ताजा माल आणणाऱ्याने बर्फात काटकसर करू नये. एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे साधे प्रमाण. तळाला बर्फ, वर मासळी, पुन्हा बर्फ असे थर द्यावेत. वितळलेले पाणी पेटीतून निघून गेले पाहिजे. त्या पाण्यात पडून राहिलेला मासा लवकर खराब होतो.

खरेदी करताना कल्ले लाल आहेत का, डोळे फुगीर व स्वच्छ आहेत का, बोटाने दाबलेले मांस परत वर येते का, हे पाहावे. कोळंबीचे डोके काळे पडू लागले असेल तर माल शिळा होत चालला असे समजावे. सुक्या मासळीत ओल आणि वाळू तपासावी, कारण दोन्हीचे वजन गिऱ्हाइकाच्या नव्हे, आपल्या खिशातून जाते.

बंदीचा काळ आणि कारागीर

माशांच्या प्रजननासाठी पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. केंद्राच्या नियमानुसार पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरलेले आहेत. या काळात ताजी सागरी मासळी दुर्मिळ होते. उजनी व मुळा धरणांतील रोहू, कटला, चिलापी यांची मागणी वाढते. सुकी मासळी उन्हाळ्यातच भरून ठेवणारा व्यापारी या दिवसांत कमावतो.

नौका किनाऱ्यावर असतात तेव्हा सुतार, इंजिन मिस्त्री, रंगारी आणि जाळी दुरुस्त करणारे यांच्या हाताला काम असते. वादळाने हे काम अचानक वाढतेही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागाची मोठी हानी केली. हर्णैच्या उघड्या किनाऱ्यावर नौकांना पुरेसा आडोसा मिळत नाही. वारा उठला की त्या आंजर्ल्याच्या खाडीत न्याव्या लागतात आणि तेवढे दिवस धंदा बुडतो.

उचलीला पर्याय

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांना २०१८-१९ पासून खुली झाली आहे आणि १ जानेवारी २०२५ पासून अशा कर्जाची विनातारण मर्यादा २ लाख रुपये आहे. मोठ्या नौकेला ही रक्कम पुरणार नाही. लहान होडीवाल्याला मात्र डिझेल-बर्फापुरते दुसऱ्याचे तोंड पाहावे लागणार नाही.

नगरच्या व्यापाऱ्यांनाही यात वाट आहे. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक गाडी ठरवावी, आपला बर्फ आपण न्यावा आणि मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. उचल देऊन माणूस बांधण्यापेक्षा रोख देऊन माल घेणे बरे. मच्छीमाराला त्यात खरा भाव मिळतो आणि आपल्याला दर वेळी पहिल्या वाट्यातला माल मिळतो.