थंडीत धावताना घसा का जळतो?

वाशिम जिल्ह्यात हिवाळ्याच्या पहाटे सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. थोड्याच वेळात घसा जळजळतो. ‘छातीत थंडी भरली’, असे आपण म्हणतो. पण खरा दोष बहुधा कोरडेपणाचा असतो.

एक घनमीटर हवेत ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४४ ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांना ९ ग्रॅम, तर शून्याला ५ ग्रॅमही नाही. श्वासातली हवा फुप्फुसात पोचेपर्यंत ३७ अंशांपर्यंत तापते व बाष्पाने संपृक्त होते. हे पाणी श्वसनमार्गाचे अस्तर पुरवते. उच्छ्वासात नाक त्यातले थोडे परत मिळवते. धापा टाकत तोंडाने श्वास घेतला की तीही बचत कमी होते.

हाच मुलगा पुढे लडाखच्या बर्फात धावू लागला, तर पाणी आणखी खर्च होते. शिवाय थंडीत तहान कमी लागते. म्हणून सुरुवात सावकाश करावी, नाकातोंडावर रुमाल बांधावा, तहान नसली तरी पाणी प्यावे. छातीत घरघर होत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

पहाटे तोंडातून निघणारी ‘वाफ’ विद्यार्थ्यांना दाखवून विचारा : हे पाणी आले कोठून?